जीवघेण्या स्पर्धेवरची माझी भयकथा वाचून कुणालाच भीती का वाटत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भरकटलेल्या जहाजावर चाळीस माणसं कोंडलेली, रोज रात्री एक खेळ, हरेल तो मरणार. पहिल्याच खेळात तुम्ही बारा जण मारलेत. करवती आहेत, ॲसिड आहे, रक्ताचा सडा आहे. तरी ज्या दोघांना वाचायला दिलंत त्यांनी "बरी आहे" म्हणून कागद परत केले.

बारा मुडदे जास्त झालेत, असं माझं मत.

तुम्ही पहिल्या खेळाचं जे वर्णन दिलंय, त्यात करवतीचे दात कसे आहेत हे कळतं, पण जिवंत राहायचं तर खेळाडूने नेमकं काय करायचं हे कळत नाही. 'अंधाऱ्या बोळातून पलीकडे जायचं', एवढंच. मग मेला तो का मेला? लेखकाच्या मनात आलं म्हणून. अशा मरणाची फार तर किळस येते. या प्रकारच्या कथेत वाचकाला बोटांवर हिशेब करता आला पाहिजे. पात्राच्या आधी वाचकाचा हिशेब पुरा झाला की पोटात गोळा येतो.

स्टीफन किंगची 1979 सालची 'द लाँग वॉक' ही कादंबरी घ्या. शंभर मुलं चालतायत. ताशी चार मैलांच्या खाली वेग गेला की ताकीद. तीस सेकंदांत वेग पकडला नाही तर पुढची. तीन ताकिदी झाल्यावर चौथ्यांदा थेट गोळी. तासभर ताकीद न घेता चाललात तर एक ताकीद पुसली जाते. नियम संपले, पाचवीतल्या पोरालाही समजतील. आता समजा एका मुलाच्या बुटात खडा गेलाय आणि त्याच्या नावावर आधीच दोन ताकिदी आहेत. तो खाली बसतो. तिसरी ताकीद येते. नाडी पावसाने भिजून फुगलीय, गाठ नखाला दाद देत नाही. वीस सेकंद. बूट तसाच खेचून काढावा तर टाच अडकलीय. बारा सेकंद. शेजारून चालणारी मुलं त्याच्याकडे बघत नाहीत, सगळी मनातल्या मनात आकडे मोजतायत. (हा मुलगा आणि त्याची नाडी माझ्या पदरची, नियम तेवढे किंगचे.) इथे ना करवत आहे ना ॲसिड, तरी तुम्हीही आत्ता आकडे मोजलेत की नाही?

दुसरं उदाहरण 'स्क्विड गेम' या कोरियन मालिकेचं. पहिला सीझन पाहिला नसेल तर हा आणि पुढचा परिच्छेद सोडून द्या, कथानक फुटेल. त्यात काचेच्या पुलाचा खेळ आहे. काचांच्या 18 जोड्या, प्रत्येक जोडीतली एकच काच वजन पेलणारी, खेळाडू 16. पहिला माणूस नुसत्या अंदाजाने पार जाण्याची शक्यता 2,62,144 मध्ये एक. म्हणजे तो चालायला लागण्याआधीच मेलेला आहे. पण प्रत्येक जण पडताना मागच्याला एक खरी काच दाखवून जातो. सरासरीने नऊ अंदाज चुकणार, म्हणून दहाव्या क्रमांकापासून पुढे वाचण्याची शक्यता निम्म्याच्या वर जाते. आणि हे क्रमांक खेळाडूंनी खेळ कुठला आहे हे कळण्याआधी स्वतःच निवडलेले असतात! मला त्या मालिकेतली सगळ्यात क्रूर गोष्ट हीच वाटते, गोळीबारापेक्षाही.

आता दुसरी भानगड, बाहेर जाण्याच्या दाराची. मी स्वतः एकदा अशी कथा लिहिली होती. आठ अनोळखी माणसं, आठ पेले, त्यातल्या एकात विष. बहिणीला वाचून दाखवली. तिने शांतपणे विचारलं, "पण ते पेला उचलतात कशाला? नुसते बसून का राहत नाहीत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. कथा तिथेच बारगळली. 'स्क्विड गेम'ने हा प्रश्न अंगावर घेतलाय. 456 पैकी पहिल्या खेळानंतर 201 उरतात, मतदान होतं, 101 विरुद्ध 100 मतांनी खेळ बंद पडतो आणि सगळे घरी जातात. त्यातले 187 आपल्या पायांनी परत येतात. दार उघडं होतं हे एकदा दाखवलं की पुढचं प्रत्येक मरण जास्त जड होतं, कारण त्यात त्या माणसाची स्वतःची सही असते.

हे काही लेखकांच्याच डोक्यातून निघालेलं नाही. महामंदीच्या काळात अमेरिकेत नृत्याच्या मॅरेथॉन भरत. तासातली साधारण 45 मिनिटं नाचायचं, 15 मिनिटं विश्रांती, असं दिवसचे दिवस, कधी आठवडेच्या आठवडे. लोक भाग का घेत? बक्षीस होतंच, पण जोवर नाचताय तोवर जेवण आणि डोक्यावर छप्पर मिळायचं. बाहेर पडायला कुणाचीच आडकाठी नव्हती. बाहेर भूक होती.

आयोजकांवर फार शाई खर्च करू नका. मुखवटा, घोगरा आवाज, 'माणसाचं खरं रूप दाखवायचंय' असली भाषणं आता घासून गुळगुळीत झालीत. त्यापेक्षा त्यांचा जमाखर्च दाखवा. रोमन कायदेपंडित गायसच्या ग्रंथात ग्लॅडिएटर पुरवण्याच्या कराराचं एक उदाहरण आहे: माणूस सुखरूप परत आला तर 20 दिनारियस (रोमन चांदीची नाणी), मेला किंवा जायबंदी झाला तर 1000. मग एवढ्यावर हे भाडं धरायचं की विक्री, अशी कायद्याची चर्चा पुढे चालते. तुमच्या मुखवटेवाल्यापेक्षा हा करार लिहिणारा कारकून मला जास्त भेसूर वाटतो.

तर तुमच्या जहाजाचं काय करावं? बोळ राहू द्या, करवती समुद्रात टाका. नियम एकच ठेवा: उजवा हात भिंतीवरून सुटता कामा नये. सुटला की संपलं. सगळे एका रांगेत, मागे वळायचं नाही, पुढच्याला ओलांडायचं नाही. पहिले सहा जण सहज पार करा, म्हणजे वाचकाला वाटेल की जमण्यासारखं आहे. सातवी म्हणून एक बाई ठेवा, जिच्या उजव्या हाताला खांद्यापर्यंत प्लास्टर आहे, नुसती बोटांची टोकं बाहेर. ती बोटं भिंतीवरून सरकताना होणारा आवाज लिहा. मध्यावर भिंतीला एक खाच ठेवा, चार बोटं रुंदीची. धडधाकट माणूस तिथून तळवा सपाट ठेवून सहज पलीकडे जाईल. तिची बोटं पुरणार नाहीत.

ही खाच सहाव्या माणसाच्या हाताला लागून गेलीय. मागे कोण आहे, हे त्याला ठाऊक आहे. बोलू नये असा नियम कुठेच नाही. तो काही बोलत नाही, पुढे सरकतो. प्रकरण तिथेच थांबवा, तिचं काय झालं ते दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी ताटं मोजताना कळू दे.