वाचकांचे प्रश्न : संगीत नाटक परदेशी निघते तेव्हा

संगीत नाटकांच्या दौऱ्यांवर पडद्यामागे काम करणाऱ्या वाचकांची चार पत्रे या वेळी उत्तरासाठी घेतली आहेत. चौघांचीही नाटके लवकरच परदेशी जाणार आहेत. पहिल्या दोन पत्रांना सविस्तर उत्तरे देणे भाग होते, कारण त्यांतील अडचणी जवळजवळ प्रत्येक चमूला येतात.

प्रश्न : मी एका संगीत नाटकाच्या कपडेपटात तीन वर्षे काम करते आहे. आमचे नाटक पुढच्या हंगामात परदेश दौऱ्यावर जाणार असून कपडेपटाची संपूर्ण जबाबदारी माझ्यावर आली आहे. आतापर्यंतचे सगळे दौरे आम्ही आमच्याच माणसांनिशी केले. या वेळी मात्र आमच्या विभागातून दोघीच जाणार आहोत आणि उरलेले मदतनीस प्रत्येक ठिकाणी तिथल्या नाट्यगृहाकडून मिळणार आहेत. दुसऱ्या अंकात नायिकेचा संपूर्ण पोशाख बावीस सेकंदांत बदलावा लागतो. हे काम अनोळखी माणसांच्या हाती कसे सोपवावे, हे मला समजत नाही.

उत्तर : आपली काळजी रास्त आहे, आणि ती निघण्याआधीच वाटते आहे हे फार बरे झाले. परदेश दौऱ्यात प्रवास, कागदपत्रे आणि थंडी-वारा या गोष्टींचा सर्वांनाच घोर असतो. परंतु पडद्यामागच्या माणसासाठी खरा बदल आपण लिहिला आहे तोच असतो. आपले नाटक दर आठवड्याला नव्या माणसांच्या हातांनी उभे राहणार असते. त्या माणसांना त्यांचे काम उत्तम येत असते, पण आपले नाटक त्यांनी पाहिलेले नसते.

यावर एकच उपाय मला माहीत आहे. जे आज आपल्या हातांना पाठ आहे ते निघण्यापूर्वी कागदावर उतरले पाहिजे. व्यावसायिक संगीत नाटकांत पडद्यामागच्या प्रत्येक माणसाचा एक ‘ट्रॅक’ लिहिलेला असतो. प्रयोग सुरू झाल्यापासून संपेपर्यंत त्याने कोणत्या क्यूला, म्हणजे ठरलेल्या इशाऱ्याला, कुठे उभे राहायचे, हातात काय घ्यायचे, कोणाला काय द्यायचे आणि मग कुठे जायचे, याची ती क्रमवार नोंद असते. हा ट्रॅक आपण स्वतः आठवून लिहू नका. आठवून लिहिताना माणूस नेमक्या त्याच गोष्टी गाळतो ज्या तो विचार न करता करतो. पुढच्या चार-पाच प्रयोगांत एका सहकाऱ्याला वही देऊन आपल्या मागे उभे करा आणि आपण काय करता ते त्याला लिहू द्या.

त्या बावीस सेकंदांचेच उदाहरण घेऊ. ‘नायिका आत येते, मदतनीस पोशाख बदलतात’ एवढे लिहून काहीच साधत नाही. मदतनीस क्रमांक एक गुडघ्यावर बसलेला असतो. त्याच्यासमोर बुटांचा जोड चेन पूर्ण उघडून, टाचा नायिकेकडे करून ठेवलेला असतो. क्रमांक दोन पाठीमागे उभा राहून वरपासून खाली टिचबटणे उघडतो. झगा डोक्यावरून काढायचा नसतो, तो खाली सोडायचा आणि नायिकेने त्यातून पाऊल बाहेर टाकायचे, कारण केसांच्या टोपात माइक लपवलेला असतो. कमरेच्या पट्ट्यातील ट्रान्समीटरला कोणीही हात लावायचा नाही. नायिकेचा डावा हात पुढे आला की नवा पोशाख चढवायला ती तयार आहे असे समजायचे, कारण अंधारात आणि वाद्यवृंदाच्या आवाजात बोलून काही कळत नाही. इतक्या बारकाईने लिहिलेला कागद हाती असेल, तर अनुभवी मदतनिसाला दुपारी दोनदा सावकाश आणि एकदा घड्याळ लावून सराव देणे बहुधा पुरते. तो सराव मात्र प्रत्यक्ष नायिकेसह, प्रयोगाच्या जागी आणि प्रयोगाच्याच अंधारात झाला पाहिजे. व्यवस्थापकांकडून त्यासाठी वीस मिनिटे आधीच मागून घ्या आणि वेळापत्रकात लिहून घ्या; नाट्यगृहात पोहोचल्यावर मागितलेली वीस मिनिटे कधीच मिळत नाहीत.

कागदावर ‘डावी विंग’ आणि ‘उजवी विंग’ असे लिहिताना विशेष सावध राहा. नटाने प्रेक्षकांकडे तोंड केल्यावर त्याची जी डावी ती डावी, असा संकेत आपल्याला सवयीचा असला तरी तो सगळीकडे चालतो असे नाही. फ्रान्समधील नाट्यगृहांत डावे-उजवे म्हणतच नाहीत; तिथे नटाच्या डाव्या बाजूला ‘कूर’ म्हणजे अंगण आणि उजव्या बाजूला ‘जार्दँ’ म्हणजे बाग असे म्हणतात. अठराव्या शतकात पॅरिसमधील कोमेदी फ्रान्सेज ही नाट्यसंस्था त्विलेरी राजवाड्याच्या नाट्यगृहात प्रयोग करीत असे. त्या रंगमंचाच्या एका अंगाला राजवाड्याचे अंगण होते आणि दुसऱ्या अंगाला बाग, त्यावरून हे शब्द रूढ झाले. मी स्वतः दोन बाजूंना दोन रंग देतो. एका बाजूच्या विंगांवर, टोपल्यांवर आणि ट्रॅकच्या कागदांवर निळी चिकटपट्टी लावतो, दुसऱ्या बाजूला पिवळी. भाषा कोणतीही असली तरी रंग समजावून सांगावा लागत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या विभागापुरती. इस्त्री, टोप वाळवायची यंत्रे आणि गोंदाची बंदूक ही उपकरणे २३० व्होल्टवर चालणारी असतील आणि दौरा १२० व्होल्टच्या देशात जाणार असेल, तर नुसती पिन बदलून उपयोग होत नाही. उष्णता देणाऱ्या उपकरणाची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, त्यामुळे १००० वॅटची इस्त्री तिथे जेमतेम २७० वॅट देईल आणि कापडावरची चुणी जाणार नाही. अशी उपकरणे नाट्यगृहाकडूनच मागवा. ती तिथे उपलब्ध असल्याचे लेखी उत्तर येईपर्यंत मात्र पाठपुरावा सोडू नका.

प्रश्न : आमच्या दौऱ्यात वस्तूंची यादी करण्याचे काम माझ्याकडे दिले आहे. नेपथ्य, दिवे, पोशाख, हातातली लहानसहान सामग्री अशा सुमारे दोन हजार वस्तू आहेत. प्रत्येक वस्तूचे वजन आणि किंमत लिहायला सांगितली आहे. एवढ्या तपशिलाची खरोखर गरज असते का? मोघम नोंदी करून चालणार नाही का?

उत्तर : चालणार नाही. आपल्याला जी यादी करायला सांगितली आहे ती बहुधा एटीए कार्नेट या सीमाशुल्काच्या कागदपत्रासाठी असावी. तात्पुरता परदेशी नेलेला आणि तसाच परत आणायचा माल सीमाशुल्क न भरता नेता यावा, यासाठी १९६१ मध्ये ब्रुसेल्स येथे झालेल्या करारातून ही पद्धत आली. ‘तात्पुरता प्रवेश’ या अर्थाच्या फ्रेंच आणि इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून तिला हे नाव मिळाले. कार्नेट साधारणपणे एक वर्ष चालते. त्यातील सर्वसाधारण यादीत प्रत्येक वस्तूचा क्रमांक, वर्णन, नग, वजन, मूल्य आणि ती मुळात कोणत्या देशात बनली, हे लिहावे लागते. सीमेवरचा अधिकारी या यादीवरून कोणतीही पेटी उघडून पाहू शकतो, आणि ‘किरकोळ सामान, एक पेटी’ अशी नोंद त्याच्या समोर ठेवून आपले काही भले होत नाही.

दोन बाबतींत चुका वारंवार होतात. पहिली अशी की वापरून संपणारा माल कार्नेटवर घालता येत नाही. रंगभूषेचे साहित्य, चिकटपट्ट्या, माइकमधल्या बॅटऱ्या, धुराच्या यंत्रातले द्रव, त्याचप्रमाणे विकण्यासाठी नेलेल्या पुस्तिका या वस्तू परत येणार नसतात, म्हणून त्यांची वेगळी यादी आणि वेगळी व्यवस्था करावी लागते. शक्य तेवढे त्या त्या ठिकाणी विकत घेणे सोपे पडते.

दुसरी चूक आमच्याकडून झाली होती, म्हणून ती जरा विस्ताराने सांगतो. आमच्या नाटकात सोनेरी मुलाम्याच्या सहा खुर्च्या होत्या. दौऱ्याच्या तिसऱ्या मुक्कामी त्यांतल्या एकीचा पाय आणि पाठ मोडली. दुरुस्त होण्यासारखी ती राहिली नव्हती, म्हणून एका मदतनिसाने चांगल्या हेतूने ती नाट्यगृहाच्या भंगारात टाकली आणि रात्रीतून दुसरी खुर्ची रंगवून प्रयोग वेळेवर उभा केला. आम्ही सगळ्यांनी त्याचे कौतुकही केले. देश सोडताना अधिकाऱ्याने खुर्च्या मोजल्या. यादीत सहा होत्या, समोरही सहाच होत्या, पण एकीची घडण निराळी होती आणि ती त्याच देशातली होती. मूळ खुर्ची देशातच राहिली, म्हणजे ती तिथे विकली असे धरून शुल्क भरावे लागले, मालमोटार चार तास उभी राहिली आणि पुढच्या ठिकाणी प्रकाशयोजनेची तालीम झालीच नाही. त्या दिवसापासून आमच्याकडे मोडलेल्या वस्तूंसाठी एक वेगळी पेटी असते. तुटलेला दिवा, फाटलेला बूट, बंद पडलेला माइक, काहीही असो, यादीत ज्याचा क्रमांक आहे ते त्या पेटीतून परत जाते. वस्तू तिथेच नष्ट करणे भाग असेल, तर ते सीमाशुल्क अधिकाऱ्यांच्या संमतीने करून त्याचा लेखी पुरावा घ्यावा लागतो.

म्हणून प्रत्येक नगाचे वजन आणि मूल्य लिहिण्याचा कंटाळा करू नका. यंत्रांचे अनुक्रमांक लिहा, जिथे दोन वस्तू सारख्या दिसतात तिथे छायाचित्र ठेवा आणि यादीतला क्रमांक पेटीच्या दोन बाजूंवर मोठ्या अक्षरांत रंगवून घ्या. प्रत्येक सीमेवर शिक्के पडले की नाही हे पाहण्याची जबाबदारी एकाच माणसाकडे असावी. मालमोटारीचा चालक घाईत असतो, आणि बाहेर पडतानाचा एक शिक्का राहिला तर काही महिन्यांनी शुल्काची मागणी घरी येते.

पेट्या बांधणाऱ्यांनाही एक निरोप द्या. बांधणीसाठी वापरलेल्या अखंड लाकडाला आयएसपीएम १५ हा आंतरराष्ट्रीय नियम लागू होतो. त्याच्या पद्धतींपैकी उष्णतेच्या प्रक्रियेत लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियसला सलग ३० मिनिटे तापवलेले असावे लागते आणि लाकडावर तसा छाप असावा लागतो, म्हणजे कीड एका देशातून दुसऱ्या देशात जात नाही. प्लायवुडला ही अट नाही. पेट्या प्लायवुडच्या असल्या तरी नेपथ्य हलू नये म्हणून कंटेनरमध्ये ऐनवेळी ठोकलेल्या पाचरी साध्या लाकडाच्या असतात, आणि तेवढ्यावरूनही माल अडू शकतो.

प्रश्न : मी ध्वनिविभागात साहाय्यक आहे. आमच्याकडे अठरा बिनतारी माइक आहेत आणि ते इथे वर्षभर विनातक्रार चालले. परदेशी तेच संच नेण्यात काही अडचण आहे का?

उत्तर : अडचण असू शकते, आणि ती यंत्राच्या दर्जाशी संबंधित नसते. बिनतारी माइक ज्या लहरींवर चालतात त्या लहरींचे वाटप प्रत्येक देश आपापल्या पद्धतीने करतो. मोबाइल सेवांसाठी जागा हवी म्हणून गेल्या काही वर्षांत नाट्यगृहांच्या वापरातले बरेच पट्टे काढून घेण्यात आले. अमेरिकेत ६०० मेगाहर्ट्‌झ पट्ट्याच्या बऱ्याच भागात माइक वापरण्याची मुभा १३ जुलै २०२० रोजी संपली. ब्रिटनमध्ये ७०० मेगाहर्ट्‌झचा पट्टा त्याच वर्षी मे महिन्यात बंद झाला. इथे कायदेशीर असलेला संच तिथे सुरू करताच बेकायदा ठरू शकतो. प्रत्येक माइकचा पट्टा लिहून तो तक्ता निदान तीन महिने आधी यजमान नाट्यगृहाच्या ध्वनिप्रमुखांना पाठवा. परवाना कोणी काढायचा आणि कोणत्या लहरी मोकळ्या आहेत, हे त्यांच्याकडून लेखी घ्या. पट्टा जुळत नसेल तर संच तिथे भाड्याने घ्यावा आणि माइकची टोके तेवढी आपली न्यावीत. ती नटांच्या कपाळाला बसलेली असतात, त्यांच्या आवाजानुसार निवडलेली असतात. मात्र जोडणीचा खुंट भाड्याच्या ट्रान्समीटरला बसतो का, हे आधी तपासा.

बॅटऱ्यांबद्दल एवढेच की सुट्या लिथियम बॅटऱ्या विमानात सोपवलेल्या सामानात ठेवता येत नाहीत. त्या हातातल्या सामानात, टोके झाकून न्याव्या लागतात. १०० वॅट-तासांपेक्षा मोठी बॅटरी असेल तर विमान कंपनीची संमती लागते.

प्रश्न : मी नेपथ्याचा सुतार आहे. आमचा जिना आणि सज्जा चाकांच्या चौथऱ्यावर आहेत आणि दोन माणसे ते ढकलत आणतात. दौऱ्यातले एक नाट्यगृह फार जुने असून तिथला रंगमंच उतरता आहे, असे नकाशावर दिसते. काय तयारी करावी?

उत्तर : आपण नकाशा वाचला, याबद्दल आपले मनापासून अभिनंदन. युरोपातल्या अनेक जुन्या नाट्यगृहांत मागच्या नटांना प्रेक्षकांनी पाहावे म्हणून रंगमंच पुढच्या बाजूला उतरता बांधलेला असतो. चार टक्के उतार ऐकायला किरकोळ वाटतो, पण दहा मीटर खोलीत तो चाळीस सेंटीमीटर भरतो, आणि जिन्यासह चौथरा वाद्यवृंदाच्या खड्ड्याकडे आपोआप निघू लागतो. आपल्या चाकांचे ब्रेक सपाट जमिनीसाठी निवडलेले असतील. त्यांच्या जोडीला जमिनीत बसणाऱ्या खिट्ट्या लागतील, आणि त्यासाठी भोके पाडू देतील का हे नाट्यगृहाला आधी विचारावे लागेल, कारण जुन्या फळ्यांना हात लावू देत नाहीत अशी ठिकाणे आहेत. परवानगी नसेल तर मागून दोराने धरून ठेवण्याची व्यवस्था करा आणि ढकलायला दोनऐवजी चार माणसे मागा. चौथऱ्याच्या पुढच्या पायांखाली पाचर देऊन सज्जा ओळंब्यात आणता येतो. मात्र तसे केल्यावर जिन्याच्या पायऱ्यांची पहिली उंची बदलते. नाचत वर जाणाऱ्या नटांना ते प्रयोगाच्या दिवशी कळता कामा नये. आपल्याच तालमीच्या जागेत तेवढ्या उताराचा एक फळ्यांचा मंच ठोकून, त्यावर जिना चढवून, नटांना दोन दिवस त्यावर नाचू द्या.