ऑटोमॅटिक गाडी कमी पैशांत मॅन्युअल करून घेता येते का?

तुमचा प्रश्न असा: २०१२ ची छोटी ऑटोमॅटिक गाडी, गिअरबॉक्स घसरतोय, दुरुस्तीला ९० हजार सांगितलेत, आणि ओळखीचा एक मिस्त्री म्हणतोय की २५ हजारांत मॅन्युअल करून देतो. चाळीस हजारांच्या आत हे काम धड होतं का?

काम धड होतं, पण खर्च चाळीस हजारांच्या थोडा वर जातो. आमच्या घरची २०१० ची गाडी मी २०२१ मध्ये इथे इंदूरलाच ऑटोमॅटिकची मॅन्युअल करून घेतली. आधी टॉर्क कन्व्हर्टरवाला (इंजिनाची ताकद तेलातून पुढे नेणारा) चार गिअरचा डबा, म्हणजे गिअरबॉक्स होता, आता पाच गिअरचा आहे, आणि रामबाग ते पीथमपूर अशी माझी रोजची ये-जा तिच्यातच होते. एकूण ४४ हजार ९०० रुपये लागले, त्यातले साडेचार हजार एका चुकीच्या खरेदीत गेले. ती खरेदी टाळली असती तर चाळिशीच्या आसपासच राहिलो असतो. २५ हजार सांगणारा माणूस फक्त डबा आणि मजुरी धरून बोलतोय. बाकीचं काम सुरू झाल्यावर एकेक करून पुढे येतं, आणि तोवर तुमची गाडी उघडून पडलेली असते, त्यामुळे नाही म्हणता येत नाही.

पण आधी डबा खरंच गेलाय का ते बघा. तेलाची पट्टी असेल तर गाडीच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे (बहुतेक गाड्यांत इंजिन गरम आणि चालू ठेवून) पातळी तपासा. तेल काळपट आणि जळका वास येत असेल तर आतल्या क्लच प्लेटा घासल्या आहेत. तेल नुसतंच कमी असेल तरी गिअर घसरतात, आणि मग गळती बंद करून तेल भरलं की काम संपतं. स्कॅनर लावून बिघाडाचे कोड काढून घ्या. एखादा सोलेनॉइड (डब्यातला विजेवर चालणारा तेलाचा व्हॉल्व्ह) किंवा गिअरची जागा सांगणारा स्विच खराब झाला तरी गाडी एकाच गिअरमध्ये अडकते, आणि लोक अख्खा डबा बदलायला निघतात. झटके बसत असतील तर इंजिन आणि डबा धरणाऱ्या माउंटिंगचं रबर फाटलंय का तेही पाहा. आमच्या गाडीचा खालचा पॅन उघडला तेव्हा चुंबकावर राखाडी लेप होता. तेवढा असतोच. पण त्यासोबत धातूचे कपचे आणि प्लेटांचा काळा चुरा निघाला, म्हणून पुढे गेलो.

दुसरी गोष्ट तारखेची. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर फिटनेस तपासून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होतं. तुमची गाडी २०१२ ची, म्हणजे २०२७ मध्ये ती पंधरा वर्षांची होते. पत्रा सडलेला असेल, इंजिन तेल खात असेल, तर हे चाळीस हजार तिच्यात घालू नका. आमच्या गाडीचं इंजिन उत्तम होतं आणि बाबांनी ती जपून वापरली होती.

आणि घरात गाडी कोण चालवणार, हे सगळ्यांसमोर बसून विचारा. बाबांनी ऑटोमॅटिक घेतली ती डाव्या गुडघ्यामुळे. क्लच दाबणं त्यांना जमत नव्हतं. त्यांनी गाडी चालवणं स्वतःहून बंद केलं, त्यानंतरच मी हा विषय काढला. तुमच्याकडे कोणाचा डावा पाय दुखत असेल, किंवा कोणी ऑटोमॅटिकवरच शिकलं असेल, तर त्यांची गाडी तुम्ही काढून घेताय हे लक्षात असू द्या.

ऑटोमॅटिकचे प्रकारही वेगवेगळे आहेत. गाडी एएमटी असेल (आपल्याकडे २०१४ च्या सेलेरिओपासून त्या आल्या) तर तिच्यात डबा मुळात मॅन्युअलच असतो. वर बसवलेलं यंत्र तुमच्याऐवजी क्लच दाबतं आणि गिअर टाकतं. तिथे बहुतेक वेळा ते यंत्र किंवा क्लच दुरुस्त करणं बरं. सीव्हीटी (ठरावीक गिअरऐवजी पट्ट्यावर चालणारी) किंवा दोन क्लचवाली नवी गाडी असेल, जिच्यात सगळे कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात, तर कमी पैशांत हे काम होत नाही. पुढचं सगळं जुन्या, साध्या, इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना देणाऱ्या आणि टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गाडीसाठी आहे. तीसुद्धा अशी, जिचं त्याच इंजिनासह मॅन्युअल मॉडेल कंपनीनेच विकलं होतं.

आता माझी चूक. मला एका कबाडवाल्याकडे साडेसात हजारांत सुटा गिअरबॉक्स मिळाला. बेल हाउसिंगची (डब्याचा इंजिनाला जोडला जाणारा भाग) भोकं इंजिनाला बरोबर जुळली आणि मी खूश झालो. घरी आणून नवी क्लच प्लेट शाफ्टवर सरकवून पाहिली तर दातेच वेगळे. डबा त्याच नावाच्या गाडीचा होता, पण दुसऱ्या इंजिनाच्या मॉडेलचा. परत करायला गेलो तेव्हा तीन हजार हातात पडले. त्या दिवशी माझे उस्ताद, म्हणजे हे काम करणारे मिस्त्री, म्हणाले, "भिया, डिब्बा मत ढूँढो, गाड़ी ढूँढो." आणि तेच खरं. त्याच मॉडेलची, त्याच इंजिनाची, सालाने जवळची मॅन्युअल गाडी कुठे कापली जातेय ते शोधा आणि लागणारं सगळं तिच्यातूनच एकदम उचला. दिल्लीच्या मायापुरीत आणि मुंबईत कुर्ल्याला असा माल भरपूर असतो, पण स्वतः उभं राहून, गाडी कापायच्या आधी हात लावून घेतलेला माल वेगळाच. मला देवास रोडकडच्या एका यार्डात मागून ठोकलेली गाडी मिळाली. पुढचा भाग शाबूत होता. अशा मालाचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर त्या गाडीचा चेसिस नंबर लिहून घ्या. चोरीचा माल गळ्यात पडू नये म्हणून हे आवश्यक आहे.

तिथून काय उचलायचं? डबा, अर्थातच. फ्लायव्हील (इंजिनाच्या मागचं जड चाक, ज्यावर क्लच बसतो), कारण ऑटोमॅटिकला नुसती पातळ फ्लेक्स प्लेट असते आणि जड भाग म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर, त्यामुळे क्लच बसवायला जागाच नसते. इंजिन आणि डब्याच्या मधला पत्रा आणि डबा नेमक्या जागी बसवणाऱ्या डॉवेल पिना. क्लचचा फोर्क. दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट, कारण डब्याची रुंदी बदलली की लांबी बदलू शकते. डब्याकडचं माउंटिंग त्याच्या ब्रॅकेटसकट. गिअरचा दांडा आणि त्याच्या दोन्ही केबल. स्टार्टर, कारण काही गाड्यांत तोही वेगळा असतो. क्लच आणि ब्रेकची पेडल एका ब्रॅकेटवर असतात, तो पूर्ण संच. ऑटोमॅटिकचं रुंद ब्रेक पेडल तसंच ठेवलं तर दोन पायांना जागा पुरत नाही. क्लच तेलावर चालणारा असेल तर मास्टर सिलेंडर, पाइप आणि शक्य असेल तर ब्रेक तेलाची डबीही, कारण पुष्कळ गाड्यांत क्लच त्याच डबीतून तेल घेतो. आणि इंजिनाचा कॉम्प्युटर, त्याच्या इमोबिलायझर (खरी किल्ली ओळखल्याशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारं यंत्र) आणि किल्लीसकट, शिवाय डब्याकडे जाणारी वायरिंग, प्लगच्या जवळ न कापता. हे सगळं मिळून मला अठरा हजार पडले. सुटं सुटं घेतलं असतं तर दुप्पट नक्की गेले असते.

नवं काय घ्यायचं यात मात्र काटकसर करू नका. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग नवंच. डबा उतरलेलाच आहे तर क्रँकच्या मागचं ऑइल सील आत्ताच बदला. पाचशे रुपयांच्या आतली वस्तू आहे, नंतर गळायला लागली तर परत सगळं उतरवावं लागेल. फ्लायव्हीलचे बोल्ट नवे आणि फ्लायव्हीलचेच घ्या. फ्लेक्स प्लेटचे बोल्ट आखूड असतात. ते फ्लायव्हीलला लावले तर बसल्यासारखे वाटतात, पण आटे पुरेसे धरत नाहीत, आणि फ्लायव्हील सुटलं तर ते थेट तुमच्या पायांच्या पुढे असतं. टॉर्क रेंचने, पुस्तकात दिलेल्या आकड्याला आवळून घ्या. लेथवाल्याकडून फ्लायव्हीलचं फेसिंग करून, म्हणजे तोंड सपाट करून घ्या. डबा चढवताना त्याचं वजन शाफ्टवर लटकू देऊ नका, क्लच प्लेटचं मधलं भोक वाकतं. खाली जॅक आणि जोडीला दुसरा माणूस हवाच. डब्यात ऑटोमॅटिकचं लाल तेल नाही, पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच गिअर ऑइल भरा.

रेडिएटरमधून जुन्या डब्याचं तेल थंड व्हायचं, त्या दोन नळ्यांना बूच मारून टाका.

यांत्रिक काम उस्तादांनी तीन दिवसांत उरकलं. वायरिंगला नऊ दिवस लागले. ऑटोमॅटिक गाडी दांडा पी (पार्किंग) किंवा एन (न्यूट्रल) मध्ये असल्याशिवाय सुरू होत नाही. डबाच बदलला, मग गिअरची जागा सांगणारा त्याच्यावरचा स्विचही गेला, आणि गाडीला वाटतं की ती कायम गिअरमध्येच आहे. सगळे मिस्त्री काय करतात, तर दोन वायरी जोडून मोकळे होतात. आमच्याही गाडीला पहिल्यांदा तेच केलं गेलं. संध्याकाळी मी बाहेरून हात घालून किल्ली फिरवली, गाडी पहिल्या गिअरमध्ये होती, आणि ती उडी मारून गॅरेजच्या भिंतीला जाऊन लागली. दोन मिनिटांपूर्वी तिथे एक पोरगा स्पॅनर धूत बसला होता. ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो. त्या वायरी क्लच पेडलच्या स्विचमधून न्या, म्हणजे क्लच पूर्ण दाबल्याशिवाय स्टार्टर फिरणारच नाही. स्विच शंभर-दोनशे रुपयांचा असतो. मिस्त्री "जरूरत नहीं है" म्हणाला तरी ऐकू नका.

मागच्या पांढऱ्या दिव्यांचंही तसंच. आधी ते त्याच जुन्या स्विचवरून लागायचे, आता मॅन्युअल डब्यावरच्या रिव्हर्स स्विचला जोडावे लागतात. वेग मोजणारा सेन्सर डब्यावर असेल तर स्पीडोमीटर खरा आकडा दाखवतोय का ते मोबाइलवर पडताळा. काही गाड्यांत दांडा पी मध्ये नसेल तर किल्लीच बाहेर निघत नाही, तो लॉकही काढावा लागतो. जुना कॉम्प्युटर ठेवला तर त्याला डब्याचा संदेश मिळत नाही, इंजिनाचा दिवा लागून राहतो आणि गाडी मरगळल्यासारखी चालते. म्हणून म्हटलं, किल्लीसकट मॅन्युअलचा कॉम्प्युटर आणा. यासाठी गॅरेजवाल्यावर अवलंबून राहू नका, चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन वेगळा धरा.

कागदाचं काम गाडी उघडायच्या आधी करा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं आहे. तुमच्या प्रमाणपत्रावर मॉडेलच्या नावात ऑटोमॅटिक असं लिहिलंय का ते पाहा. काहीही असलं तरी नायता मुंडल्याला आरटीओत जाऊन आधी लेखी विचारा, आणि परवानगी लागेल म्हणाले तर ती मिळाल्याशिवाय नट सैल करू नका. विमा कंपनीलाही पत्र देऊन त्याची पोच घ्या. लपवलेला बदल अपघातानंतरच्या दाव्यात तुमच्याविरुद्ध जातो. गाडी विकाल तेव्हा घेणाऱ्यालाही सांगा.

माझा हिशेब: कापलेल्या गाडीतला माल १८ हजार, क्लचचा संच साडेचार हजार, सील, बोल्ट, तेल आणि बुश २ हजार ८००, लेथ ६००, मजुरी ९ हजार, वायरिंग ४ हजार, किरकोळ दीड हजार. त्यावर त्या चुकीच्या डब्याचे साडेचार हजार. आज भाव वाढलेले असतील, म्हणून पाच-सात हजार बाजूला ठेवूनच हात घाला.

एवढं करून काय मिळालं? ओंकारेश्वरला जाताना भेरूघाट उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये गाडी इंजिनावर धरून ठेवता येते, ब्रेक तापत नाहीत. राजवाड्याच्या गर्दीत डावा पाय भरून येतो, तेही खरं. आणि आता पी नाही, त्यामुळे मिस्त्रीकडून हँडब्रेकची केबल घट्ट करून घेतल्याशिवाय गाडी गॅरेजबाहेर काढू नका.

या रविवारी एक करा. ब्रेक पेडलच्या डावीकडे, वरच्या बाजूला टॉर्च धरून इंजिनाकडच्या पत्र्यावर पाहा. तिथे रबरी बूच किंवा छोटी झाकणपट्टी असेल तर क्लचसाठीचं भोक कंपनीने आधीच ठेवलंय. नसेल तर पत्रा कापावा लागेल, आणि पेडलचा ब्रॅकेट नेमका कुठे बसवणार हे त्या मिस्त्रीला आगाऊ रक्कम द्यायच्या आधी जागेवर दाखवायला सांगा.