गोधडीच्या अस्तराला बेडशीट चालेल का? नवं कापड घेतलं तर किती लागेल आणि जोड कुठे द्यायचा?

तुमचा वरचा थर ६० बाय ८० इंचांचा शिवून तयार आहे, घरात एक कोरी डबल बेडशीट आहे, तीच खाली लावायची की कापड आणून जोड द्यायचा, असा प्रश्न आहे.

आधी ती बेडशीट हातात घेऊन बघा. पॉलिस्टर मिसळलेलं असेल तर बाजूला ठेवा. सुती थर पहिल्या धुण्यात आटतो, मिश्र कापड जवळजवळ आटत नाही. मग टाक्यांच्या मधे अस्तर फुगून राहतं आणि कितीही इस्त्री केली तरी बसत नाही. शुद्ध सुती असेल तर वीण किती घट्ट आहे ते तपासा. शीटची दुहेरी घडी करून हातशिलाईची सुई आरपार घाला. सुई अडत असेल तर भरावासकट (दोन थरांच्या मधल्या मऊ थरासकट) त्यातून धावदोरा घालणं म्हणजे बोटांना शिक्षा. मशीनवर अशा कापडातून सुई जाताना टपटप आवाज येतो आणि अधूनमधून टाका सुटतो. नवी टोकदार सुई लावली की मशीनचं निभतं, हाताचं निभत नाही.

दुसऱ्या टोकाला जाऊन मलमलीसारखं विरळ कापडही घेऊ नका. त्यातून भरावाचे तंतू हळूहळू बाहेर येतात. अस्तर गडद आणि भराव पांढरा असेल तर ही लव फारच दिसते. सगळ्यात बिनघोर म्हणजे वरच्या थराच्याच वजनाचं साधं सुती कापड, केंब्रिक किंवा पॉपलिन. फ्लॅनेल ऊबदार असतं, पण जास्त आटतं आणि ताणलंही जातं. ते घ्यायचं तर दोनदा धुऊनच कापा.

रंगाचं म्हणाल तर वरच्या थरात पांढरे किंवा फिके तुकडे असतील तर गडद अस्तर टाळा. भराव पातळ असला तर ते वरून काळपट दिसतं. टाक्यांवर अजून हात बसला नसेल तर बारीक, गजबजलेली छपाई घ्या. एकरंगी अस्तरावर प्रत्येक वाकडा टाका उठून दिसतो, आणि मशीनचं टेन्शन (दोऱ्याचा ताण) जरा बिघडलं की वरच्या दोऱ्याचे ठिपके खाली रांगेने दिसतात. बॉबिनचा दोरा अस्तराच्या रंगाचा आणि वरचा दोरा त्याच्या जवळपासचा ठेवला की ही डोकेदुखी बरीच कमी होते.

धुण्याचा नियम सोपा आहे: वरचे तुकडे धुऊन वापरले असतील तर अस्तरही धुवा, कोरे वापरले असतील तर अस्तरही कोरं चालेल. अपवाद लाल, निळ्या, काळ्या गडद कापडांचा. ओला पांढरा रुमाल त्यावर घासा. रंग लागला तर रंग उतरायचा थांबेपर्यंत धुवा.

आता माप. अस्तर चारही बाजूंनी ४ इंच जास्त हवं, म्हणजे ६८ बाय ८८. ४४ इंच पन्ह्याच्या कापडातून किनार कापून आणि आटून हाती ४१ इंचच येतील असं धरा. दोन लांब्या, म्हणजे ८८ इंच लांबीचे दोन तुकडे, उभ्या जोडल्या की जोडात १ इंच जाऊन ८१ इंच रुंदी मिळते, ती ६८ ला पुरून उरते. ८८ च्या दोन लांब्या म्हणजे १७६ इंच. सुती कापड ३ ते ५ टक्के आटतं हे धरून पावणेपाच मीटर घ्या. आडवा जोड तुमच्या मापाला परवडत नाही, कारण ८१ इंचांत ८८ ची लांबी बसत नाही आणि तिसरी पट्टी लागते. गोधडी ७२ लांब असती तर उलट झालं असतं: ८० ची लांबी दोन आडव्या पट्ट्यांत बसली असती आणि २४ इंच कापड वाचलं असतं. म्हणून दुकानात जाण्याआधी दोन्ही हिशेब कागदावर मांडून बघा. छपाईला वर-खाली असेल तर मात्र आडव्या पट्टीत फुलं आडवी होतील.

जोड बरोबर मध्यावर नको. गोधडी नेहमी मधोमध दुमडली जाते, त्यामुळे घडी आणि शिवण एकाच रेषेवर येऊन तिथलं कापड आधी झिजतं. त्यावर युक्ती अशी: दोन्ही लांब्यांच्या किनारी कापून टाका. किनारीची वीण घट्ट असते आणि ती वेगळी आटते. ती शिवणीत राहिली तर धुतल्यावर जोडाला चुण्या पडतात. मग सुलटी बाजू आत ठेवून आणि छपाईची दिशा जुळवून दोन्ही लांब कडा शिवा, अर्धा इंच माया (शिवणीबाहेरची कड) ठेवून. नळी तयार होते. ती सपाट पसरून फक्त वरची लांबी मधोमध उभी कापा आणि उघडा: मधे ४० इंचांची अखंड पट्टी, दोन्ही बाजूंना २०-२० च्या पट्ट्या. एकूण ८० इंच. जास्तीचं दोन्ही बाजूंनी सारखं कापा. मशीनने टाके घालणार असाल तर माया दोन्हीकडे उघडून इस्त्री करा, जाडी कमी होते. हाताने घालणार असाल तर एका बाजूला वळवा, जोड मजबूत राहतो.

अंथरताना उलटी बाजू वर ठेवून फरशीवर चिकटपट्टीने आधी समोरासमोरच्या कडांचे मध्य चिकटवा, मग कोपरे. तळहात फिरवल्यावर कापड सरकायला नको, पण ढोलाच्या कातड्यासारखं ताणूही नका. ताणलेलं अस्तर पट्टी सोडताच आखडतं आणि वरच्या थराला चुण्या पाडतं. सैल राहिलं तर मागे घड्या शिवल्या जातात. अस्तरावर भराव आणि वरचा थर पसरून पिना ४ इंचांवर लावा, किंवा तितक्याच अंतरावर कच्चे टाके घाला.

बाहेर राहिलेलं ४ इंच कापड इतक्यात छाटू नका. टाके घालताना तिन्ही थर थोडे सरकतात आणि ती जागा त्यासाठीच असते. टाके घालताना कापड धरून ठेवणारी रिंग लावायलाही ती लागते. सगळे टाके झाले की मगच वरच्या थराच्या कडेने भराव आणि अस्तर एकत्र कापा आणि गोट लावायला घ्या.