थंडीचा स्प्रे मारावा का?

प्रश्न: निफाडला द्राक्षबाग आहे, पहाटे पारा ४ वर येतो, दुकानदार म्हणतो थंडीचा स्प्रे घ्या. घेऊ का?

उत्तर: दादा, घाई नको. पानावर स्युडोमोनास सिरिंजी नावाचा बॅक्टेरिया असतो, त्याच्यामुळे शून्याच्या जरा खाली गेलं की लगेच बर्फ धरतो, तो नसेल तर पाणी अजून थोडं खाली न गोठता राहू शकतं. म्हणून हा बॅक्टेरिया मारायला थंडीचा स्प्रे म्हणून कॉपर, म्हणजे तांब्याचं औषध, मारतात. पण ते आधीच मारावं लागतं, कारण मेलेला बॅक्टेरियापण काही दिवस बर्फ धरतोच! ४ डिग्रीला सहसा बर्फच नाही, मग स्प्रे करणार काय? त्यापेक्षा पहाटे ड्रिप चालू ठेवा, ओली माती ऊब धरते, आणि बांधावर शेकोट्या पेटवा. बाटलीवरचं लेबल मात्र वाचाच, घडावर डाग पडले तर व्यापारी भाव पाडतो.