सगळा डेटा एकाच टेबलात ठेवला तर काय बिघडतं? नॉर्मलायझेशन, म्हणजे डेटा नीट वेगवेगळ्या टेबलांत वाटणं, नोकरीत खरंच कोणी करतं का?

तुम्ही लिहिलंय की काकांच्या क्लाससाठी फीचं सॉफ्टवेअर करताय, विद्यार्थी, बॅच, शिक्षक, फी सगळं एकाच टेबलात आहे. कॉलेजचे सर ३एनएफ (तिसरा नॉर्मल फॉर्म, त्या वाटणीची एक पायरी) करा म्हणतात आणि मित्र म्हणतो, ‘जॉइन लावले की स्लो होतं, राहू दे.’ जॉइन म्हणजे वेगळी टेबलं जोडून एकत्र वाचणं. मित्राचं हे वाक्य वाचलं म्हणून लिहायला बसले. महापेच्या एका ऑफिसात आमच्या लीडच्या तोंडून हेच इतक्या वेळा ऐकलंय की अजून डोकं फिरतं. मित्राचं ऐकू नका.

आमचा एक क्लायंट होता तुर्भ्याच्या फळबाजारातला हापूसचा दलाल. सीझनमध्ये देवगड-रत्नागिरीच्या पेट्या गाळ्यावर उतरतात, माल विकला की हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा करून बागायतदाराला पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाची चिठ्ठी, जाते. एका पट्टीत चार डझनी, पाच डझनी, सहा डझनी अशा वेगवेगळ्या पेट्या, प्रत्येकीचा दर निराळा. लीडने या सगळ्याचं एकच टेबल केलं होतं. प्रत्येक प्रकारच्या पेटीची एक ओळ, आणि प्रत्येक ओळीत बागायतदाराचं नाव, गाव, मोबाईल, खातं, आयएफएससी पुन्हा पुन्हा. मी म्हटलं, बागायतदारांचं टेबल वेगळं काढूया. तर म्हणे, ‘मॅडम, हे परीक्षेला ठीक आहे, इथे स्पीड लागतो.’

देना आणि विजया बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या आणि त्यांचे जुने आयएफएससी १ मार्च २०२१ पासून बंद झाले. म्हणजे ऐन आंब्याच्या तोंडावर. मेहताजींनी (गाळ्यावरच्या हिशोबनीसांनी) नवा कोड घातला, पण समोर उघडलेल्या पट्टीत. त्याच बागायतदाराच्या बाकीच्या ओळींत जुनाच राहिला. पेमेंटचा स्क्रीन सापडेल ती पहिली ओळ उचलायचा, त्यामुळे पैसे परत येऊ लागले. एका माणसाचे दोन कोड, आणि खरा कोणता हे डेटाबेसला माहीत नाही, मेहताजींच्या डायरीला माहीत. पुस्तकात याला अपडेट अ‍ॅनॉमली म्हणतात. गाळ्यावर याला काय म्हणतात ते इथे लिहिता येणार नाही.

दुसरी गंमत उचलीची. सीझनआधी दलाल बागायतदाराला आगाऊ पैसे देतो. पण माल आलेला नाही, म्हणजे पट्टी नाही, आणि पट्टी नाही तर त्या टेबलात माणूसच घालता येत नाही. मग मेहताजी शून्य पेट्यांची, शून्य दराची पट्टी बनवायचे आणि शेरा म्हणून लिहायचे ‘उचल’. महिन्याच्या रिपोर्टात पट्ट्यांचा आकडा फुगायचा आणि शेठ विचारायचे, एवढा माल आला कधी? उलट, एखाद्याने वर्षात एकदाच माल पाठवला आणि ती पट्टी रद्द करून डिलीट केली, की त्याचा मोबाईल नंबरही गेला. इन्सर्ट आणि डिलीटच्या अ‍ॅनॉमली या अशा दिसतात.

बरं, दुरुस्ती काही अवघड नव्हती. ओळीची की, म्हणजे ओळ ओळखायची खूण, होती पट्टी क्रमांक आणि पेटीचा प्रकार मिळून. बागायतदार कोण हे नुसत्या पट्टी क्रमांकावरून ठरतं, अर्ध्याच कीवरून, म्हणून पट्टीचं टेबल वेगळं, झालं २एनएफ (दुसरा नॉर्मल फॉर्म). खातं आणि मोबाईल पट्टीवरून नाही, बागायतदारावरून ठरतात, म्हणून त्याचं टेबल वेगळं, झालं ३एनएफ. उचलीला स्वतःचं टेबल. सीझन संपल्यावर हे मीच केलं, लीड रजेवर असताना.

आणि स्पीड? जुना स्क्रीन रडत होता तो नावाने शोधण्यामुळे. लाईक (मजकुराचा तुकडा शोधायची सोय) लावून नावाच्या आधी टक्क्याचं चिन्ह, म्हणजे ‘आधी काहीही चालेल’, टाकलं की साधा इंडेक्स, म्हणजे ओळ पटकन शोधायची सूची, कामाला येत नाही, अख्खं टेबल वाचलं जातं. आयडीवर जॉइन केल्यावर तोच स्क्रीन झटकन उघडायला लागला. लीड रजेवरून आले आणि म्हणाले, ‘हे इंडेक्समुळे झालं, नॉर्मलायझेशनमुळे नाही.’ अहो, मग मी तरी दुसरं काय म्हणत होते! जॉइन स्लो नसतो, इंडेक्स नसलेला जॉइन स्लो असतो. क्वेरीच्या आधी एक्सप्लेन लिहिलं की डेटाबेस ती कशी चालवणार ते दिसतं, बघायला मिनिटभर लागतं, पण ते करायचं कोणी? आयबीएममधल्या कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेल मांडलं आणि पुढच्याच वर्षी २एनएफ-३एनएफ, तेही याच तीन भानगडी टाळायला. तेव्हाच्या मशीनांपुढे तुमचा लॅपटॉप राक्षस आहे. क्लासच्या हजार-दोन हजार पोरांना तो दमणार नाही, हे मित्राला सांगा.

आता तुमचं टेबल. विद्यार्थी, बॅच, प्रवेश, फीची पावती अशी चार करा. शिक्षक बॅचवरून ठरत असेल तर तो बॅचमध्ये. फोन नंबरला की करू नका, भावंडं एकाच आईचा नंबर देतात.

एक राहिलं. पावतीवरची रक्कम पावतीतच ठेवा, बॅचच्या फीवरून दर वेळी काढू नका. पुढच्या वर्षी काकांनी फी वाढवली तर जुन्या पावत्या बदलता कामा नयेत. आम्हीही दर पट्टीच्या त्या त्या पेटीच्या ओळीतच ठेवला होता. तो त्या दिवसाचा दर, त्याला पुनरावृत्ती म्हणत नाहीत. आणि मोठ्या रिपोर्टांसाठी मुद्दाम सपाट टेबल करतात ते चालतं, फक्त एन्ट्री त्यात करू नका. बीसीएनएफचं, म्हणजे ३एनएफच्या पुढच्या पायरीचं, सरांना विचारा. शिक्षक वर्षाच्या मध्येच बदलत असतील तर मात्र बॅच-शिक्षक असं वेगळं टेबल आणि ‘कधीपासून’ची तारीख लागेल, ते काकांना आधीच विचारून घ्या.