दृढीकरण झालेलं नसताना अँग्लिकन चर्चमध्ये प्रभुभोजन घेता येतं का?

ताई, साताऱ्यात बाप्तिस्मा झाला, दृढीकरण (बाप्तिस्म्यातली श्रद्धा स्वतः कबूल करून बिशपांकडून डोक्यावर हात ठेवून घेण्याचा विधी) राहिलं आणि आता शिकायला इंग्लंडला निघालात. तिथे प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ दिली जाणारी भाकर आणि द्राक्षारस, घ्यावं का, असं विचारलंत. इथल्या मंडळीत नियमित घेत असाल तर निःसंकोच घ्या. त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा एकच देव) मानणाऱ्या इतर मंडळ्यांतल्या अशा सभासदांना चर्च ऑफ इंग्लंडचा, म्हणजे तिथल्या अँग्लिकन चर्चचा, नियमच मोकळीक देतो. त्याच चर्चच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकातही दृढीकरण झालेल्यांबरोबर त्यासाठी 'तयार आणि इच्छुक' असणाऱ्यांना जागा आहे, आणि मला ती फार मोलाची वाटते. बरीच वर्षं तिथेच घेत राहिलात तर पाळक दृढीकरणाचा विषय काढतील. इथे अजून घेतच नसाल, तर आधी त्यांच्याशी बोला; तोवर पुढे जाऊन आशीर्वाद मागता येतो. बाप्तिस्म्याचा दाखला मात्र सोबत न्या.