वाचक विचारतात : महाकाय भोपळ्याचे बी द्यावे की विकावे?

प्रश्न : आम्ही मिनेसोटात राहतो. घरामागे अटलांटिक जायंट जातीचा भोपळा लावला होता, 412 पौंड भरला. आता महाकाय भोपळे पिकवणाऱ्यांच्या क्लबातले लोक बिया मागतात आणि घरचे म्हणतात, विकून टाका. या मंडळींत रीत काय आहे?

उत्तर : रीत देण्याचीच आहे, आणि ती टिकावी असे आम्हाला मनापासून वाटते. मागणाऱ्याने स्वतःचा पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले, आतून फुगेवाले पाकीट पाठवायचे आणि देणाऱ्याने त्यात दोन-चार बिया घालून परत टाकायचे. एका मोठ्या भोपळ्यात कित्येकदा शेकड्यांनी बिया निघतात. एका वेलाला पाचसहाशे चौरस फूट जागा लागते, म्हणजे घरच्या परसात दोन-तीन वेल डोक्यावरून पाणी. बाकीच्या बिया डब्यात म्हाताऱ्या करण्यापेक्षा दुसऱ्याच्या मातीत गेलेल्या बऱ्या. शिवाय तुमच्या वेलाचे गुण दहा जणांनी लावून पाहिल्याशिवाय कळत नाहीत.

विक्रीही होते, पण तिची मान्य वाट म्हणजे क्लबचा लिलाव. मोठ्या भोपळ्यांचे मालक बिया क्लबला दान देतात आणि लिलावाच्या पैशातून पुढच्या वजन-स्पर्धेची बक्षिसे व काट्याचा खर्च निघतो. त्यात वावगे काही नाही. तुम्ही दहा-बारा बिया लिलावाला द्या, वीसेक स्वतःला ठेवा, बाकीच्या वाटा. खटकते ते वेगळेच : कुणी प्रेमाने दिलेले बी इंटरनेटवर विकायला काढणे. असे एकदा झाले की देणारा पुढच्या वर्षी कुणालाच देत नाही.

प्रश्न : बियांवर ‘2009 वॉलेस 2012’ असे काहीतरी लिहिलेले असते. माझ्या बियांवर काय लिहू?

उत्तर : आधी वजन पौंडात, मग उत्पादकाचे आडनाव, मग वर्ष. 2012 साली रॉन वॉलेस यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या टॉप्सफील्डच्या जत्रेत 2,009 पौंडांचा, म्हणजे सुमारे 911 किलोचा भोपळा काट्यावर चढवला. एका अमेरिकन टनाची (2,000 पौंडांची) रेषा तेव्हा पहिल्यांदा ओलांडली गेली. त्या फळातल्या प्रत्येक बीचे नाव तेच. आई-बाप लिहिताना आई (ज्या वेलावर फळ धरले तो) आधी, मग गुणिलेची खूण, मग बाप (ज्याचा पराग वापरला तो वेल).

तुमचे नाव होईल ‘412, तुमचे आडनाव, वर्ष’. पण खरी गोम बापाची आहे. फूल मधमाशांवर सोडले असेल तर बापाच्या जागी ‘ओपन’ लिहा, अंदाजाने कुणाचे नाव घालू नका. वजन काट्यावर न करता टेपने मोजून काढले असेल तर ‘अंदाजे’ लिहा. खोट्या वंशावळीचे बी फुकट दिले तरी महागच पडते, कारण घेणाऱ्याचा अख्खा उन्हाळा त्यावर जातो.

पुढच्या हंगामात बाप पक्का ठेवायचा असेल तर असे करा. मादी कळीचे टोक पिवळे दिसले की आदल्या संध्याकाळी ते मऊ दोऱ्याने बांधा. नर कळ्याही तशाच बांधा. पहाटे नर फूल तोडून पाकळ्या काढा, मादी फुलाच्या आतल्या प्रत्येक पाळीवर पराग हलकेच घासा. एका मादीला तीन-चार नर घ्या. नंतर मादी फूल पुन्हा बांधा आणि देठाशेजारी तारीख व बापाची चिठ्ठी अडकवा. हे बांधणे विसरले की एक मधमाशी सगळी मेहनत ‘ओपन’ करून जाते.

प्रश्न : एका बीला शेकडो डॉलर मागतात. घ्यावे का?

उत्तर : पहिल्या-दुसऱ्या वर्षी मुळीच नाही. 2014 साली स्वित्झर्लंडच्या बेनी मायर यांनी 1,054 किलोचा विश्वविक्रम केला. त्या फळाचे एक बी 1,250 ब्रिटिश पौंड (चलन) किमतीचे होते, तेच इंग्लंडमधल्या हाइड हॉल बागेत 2016 साली लावले. फळ 605 किलोचे आले. उघड्यावर वाढवलेल्यांत तो तेव्हा ब्रिटनचा विक्रम होता, पण आईच्या वजनाच्या जेमतेम सत्तावन्न टक्के! एकाच फळातल्या बिया ही भावंडे, जुळी नव्हेत. कुणाला जाड गर मिळतो, कुणाला तडकण्याची खोड. आणि माती, पाणी, रात्रीची थंडी यांचा वाटा बीत मावत नाही.

प्रश्न : पोस्टाने आलेल्या चारपैकी तीन बिया उगवल्या नाहीत. देणाऱ्याला कळवावे का?

उत्तर : जरूर, पण तक्रारीच्या सुरात नको. आधी न उगवलेले बी उकरून फोडून पाहा. आत पापुद्राच असेल तर बी पोचट होते. कडेला बारीक चीर दिसली तर पोस्टाच्या यंत्राच्या रुळांखाली दबले. मऊ होऊन वास येत असेल तर तुमच्याकडे माती फार ओली किंवा गार होती. या बियांना 29 ते 32 अंश सेल्सिअस ऊब लागते. पेरण्याआधी टोकदार बाजू सोडून कडा कानसेने हलक्या घासाव्यात, कारण टरफल जाड असते.

पाठवताना बिया दोन जाड पुठ्ठ्यांच्या मध्ये चिकटपट्टीने बसवा, किंवा औषधाच्या छोट्या प्लास्टिक बाटलीत कापसात ठेवा. त्याआधी त्या नीट वाळलेल्या हव्यात. कोमट पाण्यात चोळून बुळबुळीत आवरण काढा, जाळीवर एकेरी पसरा, पंख्याखाली दोन-तीन आठवडे ठेवा, रोज उलटा. ओव्हन किंवा कडक ऊन नको. एक बी मोडून पाहा : वाकले तर अजून ओले, कट्‌कन तुटले तर तयार.

प्रश्न : भाऊ अमेरिकेतून येताना बिया आणणार आहे. साताऱ्यात लावू का?

उत्तर : नुसत्या बॅगेत घालून आणू नका. 2003 च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार पेरणीच्या बियाण्याला आयात परवाना आणि निघणाऱ्या देशाचे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. भोपळावर्गीय पिकांचे काही विषाणू बियांतूनच प्रवास करतात आणि शेजारच्या काकडी-कलिंगडाच्या शेतापर्यंत पोहोचतात. बी भेट दिलेले असो की विकत घेतलेले, नियम एकच. त्यापेक्षा गावात जो सर्वांत मोठा लाल भोपळा येतो, त्याचे बी मागा. 2001 च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यात शेतकऱ्याला आपल्या शेतातले बियाणे राखणे, देणे-घेणे आणि विकणेही मोकळे आहे. फक्त संरक्षित वाणाचे बी ब्रँड लावून विकता येत नाही. बी देताना पुडीवर गाव, वर्ष आणि फळाचे वजन लिहायला सांगा.